कंठाचें ऋण

सन १९५६ मध्यें अमेरिकेंतील 'सोल स्टिरर्स' नांवाच्या भजनी मंडळानें 'वंडरफुल' हें स्तोत्र तबकडीवर गाइलें. मुख्य गायक पंचवीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच तरुणानें तीच चाल पुन्हां एकदां गाइली आणि १९५७ च्या आरंभीं ती 'लव्हेबल' या नांवानें बाजारांत आली. चाल तीच, आवाज तोच, स्वर लांबवून मध्येंच हलकेच मोडून घेण्याची लकब तीच. फरक इतकाच कीं, पहिल्या गाण्यांत जेथें ईश्वराचें वर्णन होतें तेथें दुसऱ्यांत एक मुलगी येऊन बसली होती. आणखी एक फरक होता, आणि आमच्या मतें तोच अधिक बोलका आहे. पहिल्या तबकडीवर त्या मंडळाचें नांव होतें. दुसरीवर 'डेल कुक' असें एक बनावट नांव छापलें होतें. गाणाराचें खरें नांव सॅम कुक. त्यानें नांव लपविलें, पण गळा लपवितां आला नाहीं. ज्यांनीं इतकीं वर्षें त्याचीं स्तोत्रें ऐकलीं होतीं, त्यांनीं तो एकदोन ओळींतच ओळखला.

मनुष्य भलतें नांव केव्हां घेतो? कायद्यानें तर यांत कांहींच वावगें नव्हतें. प्रेमाचें गाणें गाणें हा गुन्हा नव्हे, आणि त्या गाण्यांत ओंगळ असें एक अक्षर नव्हतें. तरीही त्या तरुणास आपण कोणाच्या तरी डोळ्यांत धूळ टाकीत आहों असें वाटत होतें, एरव्हीं त्यानें नांव बदललें नसतें. तो कोणाच्या डोळ्यांस भीत होता, आणि तें भय रास्त होतें काय, हा आमचा आजचा विषय आहे. ज्या लोकांनीं आपल्या टाळ्यांनीं, आसवांनीं आणि पैपैशांनीं एक कंठ घडविला, त्या कंठावर त्यांचा कांहीं हक्क पोंचतो काय? आणि देवाकरितां घडलेला सूर देवावेगळ्या कामीं लावणें ही प्रतारणा कीं केवळ व्यवसायांतर?

आमच्या वाचकांस हा प्रश्न अगदींच परका वाटणार नाहीं. सोलापूरच्या राम जोश्यांनीं लावण्या रचल्या, फड गाजविले, आणि तेच पुढें कीर्तनास उभे राहिले. होनाजी बाळाच्या शृंगारिक लावण्यांवर ज्यांनीं नाकें मुरडलीं त्यांच्याच माजघरांत त्याची भूपाळी पहांटे म्हटली गेली. परंतु आमच्याकडील या गोष्टींत आणि सॅम कुकच्या गोष्टींत एक भेद आहे. राम जोशी फडाकडून देवाकडे आले. ही वाट लोकांस नेहमींच आवडते. पश्चात्तापी मनुष्यास ओवाळून घेण्यांत ओवाळणाराचाही थोडा मोठेपणा असतो. उलट दिशेनें चालणारास मात्र कोणी ओवाळीत नाहीं.

सॅम कुकचा जन्म मिसिसिपी राज्यांत क्लार्क्सडेल या गांवीं, कापसाच्या मुलखांत, २२ जानेवारी १९३१ रोजीं झाला. बाप होलिनेस पंथाचा पाद्री. दक्षिणेकडील दारिद्र्य आणि गोऱ्यांचा जाच यांस कंटाळून जीं लक्षावधि कृष्णवर्णीय कुटुंबें उत्तरेकडे गेलीं त्यांत हेंही एक होतें. १९३३ मध्यें तें शिकागोस आलें. भावंडांनीं मिळून 'सिंगिंग चिल्ड्रेन' या नांवानें बापाच्या उपासनेच्या वेळीं गावें, पुढें पोरवयांत 'हायवे क्यू. सीज' या मंडळांत शिरावें, आणि १९५० च्या अखेरीस, वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, 'सोल स्टिरर्स' सारख्या नामांकित मंडळाच्या मुख्य गायकाची जागा मिळावी, असा त्याचा क्रम आहे. 'सोल स्टिरर्स' म्हणजे आत्मे हलविणारे. ज्या संगीतास पुढें 'सोल' हें नांव पडलें त्याचा शब्द त्याच्या पहिल्या मोठ्या गायकास अशा रीतीनें देवळांतच मिळाला होता.

या मंडळांचें गाणें कसें असे हें थोडें सांगितलें पाहिजे. चारपांच पुरुष उभे राहत. साथीला वाद्य फार तर एखादें. मागच्यांनीं एक पद घोळवीत ठेवावें आणि पुढच्यानें त्यावर आपला स्वर चढवीत न्यावा, एक शब्द दहा वेळां म्हणावा, लोकांनीं ओरडून त्यास उत्तर द्यावें, आणि शेवटीं गायक कोण व श्रोता कोण हा भेद उरूं नये. बायका मूर्च्छित पडत. आमच्या कीर्तनांत अखेरच्या गजरास जें होतें त्याच जातीचें हें असे. कुकच्या आधीं त्या जागेवर आर. एच. हॅरिस हा थोर गायक होता. त्यानें ती जागा कां सोडली याचें त्यानेंच दिलेलें एक कारण लक्षांत ठेवण्यासारखें आहे: या भजनी मंडळांच्या दुनियेंत नीति उरली नाहीं असें त्यास वाटूं लागलें होतें. म्हणजे कुकनें ज्या वर्षीं देवळांत पाऊल टाकलें त्याच वर्षीं एक जुना पुजारी देवळास विटून बाहेर पडत होता. भजनास तिकिटें होतीं, तबकड्यांस कंपन्या होत्या, आणि पाहण्यास सुंदर अशा तरुण गायकासाठीं पुढच्या रांगेंत मुलींची दाटी होती. 'स्पेशाल्टी' कंपनीकरितां त्यानें १९५१ च्या मार्चमध्यें गाइलेलीं पहिलीं स्तोत्रें चांगलीं खपलीं म्हणूनच त्याची जागा पक्की झाली. त्याला बाजारांत नेण्याचें पाप कोणी केलें असेल तर तें प्रथम भजनाच्याच बाजारानें केलें.

पण याहून मोठी गंमत पुढें आहे. ज्या 'गॉस्पेल' संगीताचें पावित्र्य कुकनें विटाळलें अशी ओरड झाली, तें संगीत कोठून आलें? त्याचा जनक थॉमस डॉर्सी मानला जातो. हा गृहस्थ 'जॉर्जिया टॉम' या नांवानें गुत्त्यांतून आणि तंबूंतून पियानो वाजवी, मा रेनी या प्रख्यात ब्लूज गायिकेस साथ करी, आणि १९२८ मध्यें एका अत्यंत चावट द्व्यर्थी गाण्यानें त्यानें भरपूर पैसा मिळविला. १९३२ मध्यें त्याची बायको बाळंतपणांत गेली आणि पाठोपाठ तें मूलही गेलें. त्या दुःखांत त्यानें जें स्तोत्र रचलें तें पुढें सर्व जगांत गाइलें गेलें. डॉर्सीनें आपल्या पदरची सामग्री टाकून दिली नाहीं. ब्लूजमधले ते कण्हणारे स्वर, ते हेलकावे, तोच ठेका त्यानें तसाच ठेवला आणि शब्द मात्र ईश्वराचे घातले. पुष्कळ प्रतिष्ठित चर्चांनीं प्रथम त्यास दारांतूनच परत लावलें. हें तर गुत्त्याचें गाणें, असें ते म्हणत, आणि त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. तीस वर्षांच्या आंत त्याच चर्चांतून तेंच गाणें परंपरागत, पवित्र आणि अस्पर्श मानलें जाऊं लागलें. तेव्हां सॅम कुकनें मुलीला घातलेला शेला देवाच्या अंगावरून काढलेला होता हें खरें. पण देवाच्या अंगावर तो बाजारांतूनच आला होता.

हा युक्तिवाद येथें थांबविला तर लेख सोपा होतो. सूर हा पाण्यासारखा, ज्या भांड्यांत घालावा त्याचा आकार घेतो, त्याला स्वतःची जात नाहीं, म्हणून कुक निर्दोष, असें म्हणून मोकळें होतां येईल. पुष्कळ लेखक तसे होतातही. आम्हांस तें पटत नाहीं. जे लोक दुखावले त्यांस केवळ सोंवळे म्हणून उडवून देणें हा अन्याय आहे. त्यांच्यापाशीं दुसरें काय होतें? मतदान नाहीं, शाळा नाहीं, शहरांतल्या चांगल्या वस्तींत घर नाहीं, न्यायासनापुढें पत नाहीं. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत आणि कारखान्यांत खपून रविवारीं ज्या एका घरांत तीं माणसें मान ताठ करून बसत, तें घर त्यांनीं आपल्या पैशानें बांधलें होतें आणि तें गाणें त्यांनीं आपल्या गळ्यानें केलें होतें. तेवढी एकच मालमत्ता गोऱ्यांच्या कायद्याखालीं न येणारी होती. त्यांतला सर्वांत चांगला दागिना कोणी उचलून पेठेंत मांडला, तर घरच्या म्हातारीनें रडूं नये काय?

शिवाय देवाच्या गाण्यांत आणि प्रियेच्या गाण्यांत एक भेद असा आहे कीं तो चाल तीच असल्यानें मिटत नाहीं. स्तोत्र गाणारा आपल्या पलीकडे बोट दाखवितो. ऐकणाराची दृष्टि त्याच्यावर क्षणभर टेकते आणि पुढें जाते. कुक 'सोल स्टिरर्स' मधून गेला. त्याच्या जागीं जॉनी टेलर उभा राहिला, आणि रविवारचें गाणें चालू राहिलें. देवळांत गायक बदलतां येतो. पेठेंतल्या गाण्यांत तसें होत नाहीं; तेथें दृष्टि गायकापाशींच संपते, किंबहुना ती तेथेंच संपावी म्हणून त्याचें नांव दिव्यांच्या अक्षरांत लिहिलेलें असतें. प्रेमगीतांतील ती मुलगी नांवाचीच; ऐकणारीला ऐकूं येतो तो तो आवाज, आणि हवा असतो तो त्या आवाजाचा धनी. आमच्या मतें कुकनें देवळांतून चाल नेली यांत विशेष कांहीं नाहीं. त्यानें नेली ती दृष्टि. लोक ज्या आर्ततेनें देवाकडे पाहत ती आर्तता त्यानें स्वतःकडे वळवून घेतली. महालिया जॅक्सन या थोर गायिकेनें आयुष्यभर ब्लूज गाण्याचें नाकारलें, तें बहुधा हाच धोका ओळखून. तिच्या त्या नकारास आम्ही हट्ट म्हणणार नाहीं.

कुकच्या घरांत मात्र वादळ झालें नाहीं. बाप पाद्री असूनही त्यानें मुलास अडविलें नाहीं. 'स्पेशाल्टी'च्या मालकास नव्या ध्वनिमुद्रणांतील गोऱ्या धर्तीचा कोरस रुचला नाहीं व त्यानें करार सोडून दिला. तींच गाणीं 'कीन' नांवाच्या एका नव्या कंपनीकडे गेलीं, आणि त्यांतलें 'यू सेंड मी' १९५७ च्या अखेरीस काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या अशा दोन्ही याद्यांत पहिलें आलें. या खेपेस नांव खरें होतें. फक्त आडनांवापुढें इंग्रजींतलें एक जादा अक्षर शोभेकरितां लागलें होतें. गाणें इतकें साधें कीं त्यांत शब्द जवळजवळ नाहींतच. तेंच तें पद पुन्हां पुन्हां घोळविणें, आणि दर वेळीं त्यास निराळा हेलकावा देणें. ही देवळांतली विद्या होती.

पुढच्या सात वर्षांचा हिशेब आम्ही येथें मांडीत नाहीं. एकामागून एक लोकप्रिय गाणीं आलीं, १९६० मध्यें 'आर. सी. ए. व्हिक्टर' सारख्या बलाढ्य कंपनीचा करार झाला. त्यांतली एकच गोष्ट आमच्या विषयाची आहे. कृष्णवर्णीय गायकांस त्या काळीं गाण्याच्या मालकीचा एक छदामही न मिळणें ही नित्याची गोष्ट असतां, या पाद्र्याच्या पोरानें आपल्या गाण्यांचे हक्क आपल्याकडे ठेवण्यासाठीं प्रकाशनसंस्था काढली, आणि १९५९ मध्यें जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या सहकाऱ्याबरोबर 'एस. ए. आर.' नांवाची स्वतःची तबकड्यांची कंपनी उभी केली. त्या कंपनीनें कोणाचीं गाणीं काढलीं? आरंभीं 'सोल स्टिरर्स'चीं. ज्यांना सोडून तो गेला त्यांनाच तो आपल्या पैशानें गाववीत होता. याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल, कोणी धंदा. माणसाच्या मनांत या दोन गोष्टी एका खणांत राहूं शकतात हें संसारी वाचकांस सांगावयास नको.

याच कंपनींत त्याच्या हातून जी गोष्ट घडली ती मात्र अवघड आहे. क्लीव्हलंड येथील वोमॅक बंधु हीं धार्मिक वळणांत वाढलेलीं पोरें त्याच्याकडे भजनें गाण्यास आलीं. भजन खपलें नाहीं. तेव्हां त्याच भजनाच्या चालीवर प्रेमाचे शब्द बसविले गेले आणि १९६२ मध्यें 'लुकिंग फॉर अ लव्ह' हें गाणें चांगलें गाजलें. मुलांच्या बापानें त्यांस घराबाहेर काढलें. पांच वर्षांपूर्वीं भलत्या नांवाआड लपणारा तरुण आतां दुसऱ्यांच्या मुलांस त्याच उंबरठ्यावरून पलीकडे हात देत होता, आणि त्यास स्वतःच्या बापाकडून जें मिळालें तें त्या मुलांस मिळालें नाहीं. त्यांपैकीं बॉबी वोमॅक पुढें मोठा गायक झाला म्हणून त्या बापाची रात्र कांहीं सुखाची झाली असेल असें नाहीं.

आतां आमच्या मतें खरी प्रतारणा कोठें झाली तें सांगतों. कुकच्या दोन मैफली तबकडीवर आहेत. एक मियामी शहरांतील हार्लेम स्क्वेअर क्लबांत, कृष्णवर्णीयांच्या वस्तींत, १९६३ च्या जानेवारींत झालेली. दुसरी न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या श्रीमंत गोऱ्या रात्रक्लबांत १९६४ च्या उन्हाळ्यांत झालेली. दुसरी लगेच प्रसिद्ध झाली. पहिली फार खरबरीत म्हणून कंपनीनें दडवून ठेविली, ती १९८५ मध्यें, गायकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं, बाहेर आली. कोपाकबानाच्या मैफलींत आवाज गोड आहे, पोषाख नीटनेटका आहे, आणि त्यांत एक जुनें धर्मगीतही आहे. तेथें तें टाळ्यांचा ठेका धरण्याचें साधन झालें आहे. मद्याच्या पेल्यांस त्यापासून कांहीं उपद्रव नाहीं. उलट मियामीच्या मैफलींत देवाचें नांव नाहीं. आहे तें विरहाचें, रुसव्याचें, नाचाचें. पण गळा फाटेपर्यंत घातलेली साद, लोकांनीं दिलेलें उत्तर, पुन्हां साद, पुन्हां उत्तर, घामाघूम होऊन एकाच शब्दावर खिळून राहणें, असें सगळें देऊळ तेथें उभें राहिलें आहे. पवित्र शब्द असून पहिल्या ठिकाणीं गाणें रितें, आणि संसारी शब्द असून दुसऱ्या ठिकाणीं तें भरलेलें. ज्यांनीं त्याचा कंठ घडविला त्यांचें ऋण त्यानें मियामींत मान्य केलें. न्यूयॉर्कांत तें लपविलें, आणि तेव्हां तर नांवही खरें होतें.

येथें कोणी चतुर वाचक आम्हांस अडवील. सर्वस्व ओतून गाइलें म्हणजे भक्ति झाली असें म्हटलें तर दारुड्याची आरोळीही भक्तीच ठरेल. हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही त्यास पूर्ण उत्तर देऊं शकत नाहीं. उत्कटता हें भक्तीचें लक्षण आहे, प्रमाण नव्हे. एवढें मात्र दिसतें कीं, उत्कटतेवांचून शब्द कितीही सोंवळे असले तरी त्यांत भक्ति राहत नाहीं. आणि उत्कटता शिकविण्याची शाळा त्या समाजांत एकच होती. तीं शिकलेलीं पोरें पुढें कोठेंही गेलीं तरी त्यांच्या बोलण्यांत ती शाळा ऐकूं येते. अरीथा फ्रँकलिन ही डेट्रॉइटच्या प्रख्यात पाद्र्याची मुलगी. १९७२ च्या जानेवारींत, जगभर कीर्ति मिळाल्यावर, तिनें लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्यें दोन रात्री स्तोत्रें गाइलीं. तेथें तिचा बाप उभा राहिला आणि त्यानें लोकांस सांगितलें कीं, ही चर्च सोडून कधीं गेलीच नव्हती. बापाच्या मायेनें हें बोलविलें असेल. पण त्या सभेंत बसलेल्यांनीं त्याला दुजोरा दिला. अल ग्रीन यास हें समाधान मिळालें नाहीं. प्रेमगीतांच्या शिखरावर असतांना त्याचें मन फिरलें, १९७६ मध्यें त्यानें मेम्फिस येथें स्वतःचें चर्च घेऊन पाद्र्याची दीक्षा घेतली, आणि पुढें कांहीं वर्षें तर संसारी गाणें वर्ज्य केलें. नंतर तो पुन्हां दोन्ही गाऊं लागला. एकाच प्रश्नाचीं हीं तीन उत्तरें, महालियाचें, अरीथाचें आणि ग्रीनचें, आम्हांस तिन्ही प्रामाणिक वाटतात.

सॅम कुकचें उत्तर मात्र त्याच्या शेवटच्या वर्षांत आलें, आणि तें त्यानें विचार करून दिलें असें नव्हे. तें त्याच्यावर येऊन पडलें. १९६१ मध्यें मेम्फिस येथें काळ्यांना वेगळें बसविणाऱ्या सभेंत गाण्यास त्यानें नकार दिला. १९६३ च्या जूनमध्यें त्याचा दीड वर्षांचा मुलगा घरच्या पोहण्याच्या हौदांत बुडून गेला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लुइझियानांतील श्रीव्हपोर्ट येथें, आधीं जागा राखून ठेविली असतां, काळा म्हणून हॉटेलानें त्यास ठेवून घेतलें नाहीं. त्यानें तक्रार केली तेव्हां शांततेचा भंग केला म्हणून पोलिसांनीं त्यासच पकडलें. त्या सुमारास बॉब डिलन या गोऱ्या तरुणाचें न्याय मागणारें गाणें त्यानें ऐकलें आणि हें आपल्याला कां सुचलें नाहीं याची त्यास लाज वाटली. या सर्वांतून 'अ चेंज इज गॉना कम' हें गाणें झालें. ३० जानेवारी १९६४ रोजीं रेने हॉल याच्या वाद्यरचनेसह तें मुद्रित झालें. व्हायोलिनांचा मेळा, एक दूरवरून येणारें पितळी शिंग, नगाऱ्यांचा गंभीर घोष, आणि त्यावर तो गळा.

हें गाणें ना देवाचें, ना प्रियेचें. नदीकांठीं जन्मलेला, भटकणारा, दाराशींच अडविला गेलेला एक मनुष्य त्यांत बोलतो. पण त्यांत एका ठिकाणीं तो जें कबूल करतो त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. जगणें कठीण झालें आहे आणि मरणाचीही भीति वाटते, कारण आभाळाच्या पलीकडे काय आहे हें आपणांस ठाऊक नाहीं, असा त्याचा आशय आहे. हें कोण म्हणत आहे? पाद्र्याचा मुलगा, सहा वर्षें ज्यानें दर रविवारीं हजारों थकल्या जिवांस पलीकडच्या तीराची ग्वाही दिली तो. देवळांत उभें राहून हें वाक्य त्यास उच्चारतां आलें नसतें. तेथें गायकास शंकेचा अधिकार नसतो. आणि प्रेमगीतांच्या पेठेंत हें वाक्य कोणास नकोच होतें. ही शंका बोलण्यासाठीं त्यास देऊळ सोडावें लागलें. पण ती ज्या स्वरांत तो बोलला तो स्वर देवळांवांचून त्यास मिळता ना. आशा आणि अश्रद्धा एका श्वासांत धरणें त्या स्वरालाच साधत होतें.

येथें ती दृष्टीची गोष्टही पुन्हां पाहिली पाहिजे. या गाण्यांत ऐकणाराची नजर गायकापाशीं संपत नाहीं. ती त्याला ओलांडून पुढें जाते. मात्र स्वर्गाकडे नव्हे, तर अजून न आलेल्या एका दिवसाकडे. पुढें ऑटिस रेडिंगनें तें १९६५ मध्यें गाइलें, अरीथानें १९६७ मध्यें गाइलें, आणखी कित्येकांनीं गाइलें, आणि भजनाप्रमाणें त्यांत गायक बदलतां आला. २००८ च्या नोव्हेंबरांत शिकागोच्या मैदानांत पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षानें आपल्या विजयाच्या भाषणांत त्याचे बोल प्रतिध्वनित केले, तेव्हां समोरच्या समुदायास ते कोठून आले हें सांगावें लागलें नाहीं. ज्या शहरांत पाद्र्याचीं पोरें बापाच्या उपासनेंत गात असत तेंच हें शहर.

कुकनें तें गाणें ७ फेब्रुवारी १९६४ रोजीं दूरचित्रवाणीवर एकदां म्हटलें. त्या कार्यक्रमाची फीत कोणी जपून ठेविली नाहीं. दोनच दिवसांनीं इंग्लंडांतून आलेल्या चार तरुणांनीं अमेरिकेस वेड लाविलें आणि बोलावयास दुसरा विषय उरला नाहीं. ११ डिसेंबर १९६४ च्या पहांटे लॉस एंजेलिसमधील एका स्वस्त उतारूगृहाच्या व्यवस्थापिकेनें त्यास गोळी घालून ठार केलें. तो एका स्त्रीबरोबर तेथें आला होता, ती त्याचे कपडे घेऊन पळाली, तो संतापून कचेरींत शिरला, झटापट झाली. पंचांनीं आत्मसंरक्षणार्थ वध असा निर्णय दिला, त्याच्या आप्तांनीं तो कधींच मनापासून मानला नाहीं. वय तेहेतीस. देवाच्या घरांतून गेला त्याचें हें फळ, असें पुष्कळ भाविक तेव्हां म्हणाले. त्यांच्याशीं आम्हांस वाद घालावासा वाटत नाहीं. एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, तर मग त्या हौदांत बुडालेल्या दीड वर्षांच्या मुलानें कोणतें देऊळ सोडलें होतें? त्या मरणांत शोभेसारखें कांहींच नाहीं. तें जसें होतें तसेंच राहूं द्यावें. गाणें थोर म्हणून मनुष्य निष्कलंक ठरत नाहीं, आणि मनुष्य घसरला म्हणून गाणेंही बाटत नाहीं.

त्याच्या मृत्यूनंतर अकरा दिवसांनीं, २२ डिसेंबर रोजीं, त्याची नवी तबकडी विक्रीस आली. तिच्या पुढच्या बाजूस 'शेक' नांवाचें नाचाचें गाणें होतें. लोकांनीं ती त्यासाठींच विकत घेतली, आणि तें देशाच्या यादींत सातवें आलें. 'अ चेंज इज गॉना कम' तिच्या मागच्या बाजूस घातलें होतें. शहरांतल्या गोऱ्या भागांत त्याला मज्जाव होतो असें सांगणारें त्यांतलें कडवें त्या तबकडीपुरतें कापून टाकलें होतें. तें एकतिसावें आलें.